बिडाच्या पोटातील लाल लेप : एक प्रस्तावना

शिरूर तालुक्याच्या ज्या टोकाला भीमा हीच तालुक्याची शीव होते आणि पैलतीरी दौंड तालुक्याचा अंमल सुरू होतो, त्या टोकाला मांडवगण फराटा हे उसाचे गाव आहे. आणि ज्या गावचे शिवार नदीचे पाणी उचलून भिजवावे लागते, त्या गावात इंजिनाची आणि मोटारीची विद्या मुरावी, हे ओघानेच आले. मोटेनंतर या खोऱ्यात ऑइल इंजिन आले, ऑइल इंजिनानंतर विजेची मोटार आली, ऊस न्हावऱ्याच्या आणि पाटसच्या साखर कारखान्यांकडे वाहून नेण्यासाठी ट्रॅक्टर आणि ट्रक आले, आणि यांतील प्रत्येक यंत्राबरोबर ते खोलून पुन्हा बांधणारा कसबी माणूसही येथेच तयार झाला. प्रस्तुत पुस्तिकेचा विषय अशाच माणसांच्या हातातला आहे. म्हणून तिची प्रस्तावना मुंबई-पुण्याच्या मोटारशौकिनांपासून न करता भीमेच्या काठापासून करणे मला अधिक उचित वाटते.

विषय थोडक्यात असा आहे. जुन्या मोटारीचे, जीपचे किंवा शेतावरील पाण्याचे इंजिन पूर्ण खोलून बांधावयास घेतले असता, त्याच्या आतील ज्या भागांवर लेथचे अथवा बोअरिंगचे हत्यार कधी फिरलेलेच नसते आणि ज्यांचे बीड साच्यातून निघाले तसेच खडबडीत राहिलेले असते, त्या भागांवर तेलाला दाद न देणाऱ्या वार्निशाचा पातळ लेप द्यावा की न द्यावा, आणि द्यावयाचा तर कोणता, कोठे व कसा, एवढाच हा प्रश्न. अमेरिकेतील आणि इंग्लंडमधील जुन्या गाड्यांचे जाणते हा लेप पुष्कळ वर्षे वापरत आले आहेत. आपल्याकडे तो बहुधा तांबड्या रंगाचा असतो, म्हणून या पुस्तिकेत त्याला सोयीसाठी लाल लेप असेच म्हटले आहे.

त्याची गरज समजून घ्यावयाची तर बीड कसे ओतले जाते, हे आधी ध्यानी घेतले पाहिजे. इंजिनाचा ब्लॉक रेतीच्या साच्यात ओततात. त्यातील पोकळ्या, म्हणजे पाणी खेळण्याच्या वाटा, क्रँक फिरण्याची जागा, टॅपेटचे कप्पे, या रेतीचेच गाभे बसवून राखतात, आणि ओतीव निवल्यावर ते गाभे फोडून, ठोकून, घासून बाहेर काढतात. कोल्हापूरच्या किंवा किर्लोस्करवाडीच्या फाउंड्रीत ज्यांनी उमेदवारी केली आहे त्यांना हे सांगावयास नको की, कितीही निगुतीने साफ केले तरी रेतीचा शेवटचा कण निघाला असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण काही कण वितळलेल्या धातूत अर्धवट रुतून बसलेले असतात. इंजिन तापते, निवते, पुन्हा तापते. या हजारो आवर्तनांत असा एखादा कण कधीतरी सुटतो, तेलाबरोबर वाहतो आणि बेअरिंगच्या मऊ धातूत जाऊन रुततो, आणि तेथून पुढे तो क्रँकच्या गुळगुळीत जर्नलवर ओरखडे काढीत राहतो. शिवाय ओतकामात वायूचे बारीक बुडबुडे अडकून सूक्ष्म छिद्रे राहून जातात, त्यांतून तेल किंवा पाणी पाझरते. आणि खडबडीत पृष्ठभागाला चिकटलेले तेल चेंबरात, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या पेटीत, लवकर न उतरता तेथेच जळून काळा गाळ धरते. लाल लेपाची तीन कामे यातूनच निघतात: कण जागीच बांधून ठेवणे, छिद्रे बुजवणे, आणि पृष्ठभाग गुळगुळीत करून तेलाला खाली उतरण्याची वाट मोकळी करून देणे.

चौथे काम मला या तिन्हींहून महत्त्वाचे वाटते, आणि ते विशेषतः जुन्या गाड्यांच्या बाबतीतले आहे. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे तितकेच पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. त्यातील बहुतेक भाग सायलेन्सरवाटे निघून जातो, पण पिस्टनच्या रिंगांना चुकवून काही वायू क्रँकच्या पोकळीत उतरतातच, आणि त्यांच्याबरोबर ही वाफही उतरते. रोज पन्नास-शंभर किलोमीटर पळणाऱ्या गाडीचे तेल पुरते तापते, वाफ उडून जाते आणि काही बिघडत नाही. परंतु जी जीप वर्षातून एकदा यात्रेला आणि एकदा लग्नाच्या वरातीला निघते, गावातल्या गावात फिरून पुन्हा पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन उभी राहते, तिचे तेल पुरेसे तापण्यापूर्वीच इंजिन बंद होते, वाफ थंड बिडावर दवासारखी साचते, आणि तेलाचा पातळ थर काही महिन्यांत निथळून गेला की उघड्या पडलेल्या बिडावर तांबेरा चढतो. तो गंज पुढच्या खेपेस तेलात उतरतो. म्हणजे जे यंत्र मालकाने जिव्हाळ्याने जपून, कमीत कमी चालवून ठेवले, त्याचेच अंतरंग राबणाऱ्या यंत्रापेक्षा लवकर खराब होते. हौसेने गाडी जपणाऱ्या पुष्कळ सज्जनांना ही गोष्ट ठाऊक नसते, आणि ती त्यांच्या कानी घालणे हे मी या पुस्तिकेचे पहिले कर्तव्य समजतो.

आता या लेपाचा पूर्वेतिहास. विजेची यंत्रे प्रचारात आली तेव्हा तारांच्या वेटोळ्यांना आवरण म्हणून जे पदार्थ वापरीत, त्यांत आपल्या छोटा नागपूरच्या रानांतून जमा होणाऱ्या लाखेचे स्थान मोठे होते. लाखेचा पुरवठा जगाच्या एका कोपऱ्यावर अवलंबून आणि भाव चढा, म्हणून तिला कृत्रिम पर्याय शोधण्याची खटपट सुरू झाली. रसायनज्ञ बेकलँड यांनी १९०७ साली बेकलाइट ही कृत्रिम राळ सिद्ध केली ती याच शोधाच्या वाटेवर. ग्लिसरीन आणि थॅलिक ॲसिड यांच्या संयोगाने होणारी राळ त्याआधी, १९०१ साली, वॉटसन स्मिथ या रसायनज्ञाने तयार केली होती. ती राळ अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने पुढे हाती घेतली, तिच्यात सुकणारी तेले मिसळून तिला लवचीकपणा आणला, आणि ग्लिप्टल या नावाने ती विजेच्या मोटारींच्या वेटोळ्यांसाठी बाजारात आणली. तापलेल्या यंत्रतेलात हे वार्निश विरघळत नाही, सुकल्यावर चिवट राहते, आणि बिडाला घट्ट धरते, हे इंजिने बांधणाऱ्यांच्या लक्षात यावयास वेळ लागला नाही. शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्यांनी ते ब्लॉकच्या आतून फासावयास सुरुवात केली. यंत्रे बनविणाऱ्या कारखान्यांना तर आतून रंग देण्याची रीत नवी नव्हतीच: जुन्या लेथचा हेडस्टॉक उघडून पाहा, दातेचक्रे ज्या तेलात बुडालेली असतात त्या पेटीच्या भिंतींना आतून लाल किंवा पिवळा तेलरोधक रंग दिलेला पुष्कळदा आढळेल.

याच जातीचे वार्निश आपल्या जिल्ह्यात परके नाही. १९५६ साली स्थापन झालेली पिंपरीची डॉ. बेक कंपनी, जी आज एलांटास बेक या नावाने ओळखली जाते, विजेच्या यंत्रांची इन्सुलेटिंग वार्निशे पुणे जिल्ह्यातच बनवीत आली आहे, आणि अशा वार्निशाचा डबा नाही असे मोटार भरण्याचे एकही दुकान भीमेच्या दोन्ही काठांना सापडणार नाही. उन्हाळ्यात नदीवरच्या सर्व मोटारी एकाच वेळी चालू लागल्या की विजेचा दाब उतरतो, मोटार जळते, आणि शेतकरी ती भरून घेण्यासाठी दुकानी आणतो. भरणारा कारागीर जळकी तार काढतो, नवी वेटोळी बसवतो, ती आधी ऊब देऊन कोरडी करतो, मग वार्निश सावकाश ओततो, बुडबुडे निघून जाऊ देतो आणि पुन्हा बल्बच्या किंवा शेगडीच्या उष्णतेवर ते पक्के करतो. ओल्या वेटोळ्यावर वार्निश धरत नाही आणि घाईने दिलेला जाड थर आत कच्चा राहतो, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवलेले नाही. दुसरीकडे, रस्त्यापलीकडच्या शेडमध्ये बसणारा इंजिन मिस्त्री बिडाची जात ओळखतो, कोणत्या भोकातून तेल कोठे जाते हे डोळे मिटून सांगतो, चेंबराच्या तळाशी पडलेल्या चुऱ्यावरून कोणते बेअरिंग गेले ते ताडतो. पण वार्निशाशी त्याचा संबंध येत नाही. लाल लेपाची विद्या अशी दोन दुकानांत निम्मी निम्मी वाटली गेली आहे, आणि ही पुस्तिका लिहिण्याचा खरा हेतू ती दोन दुकाने एकमेकांशी बोलती करावीत हा आहे.

ज्या यंत्रांसाठी हा खटाटोप करावयाचा ती कोणती, हे सांगितले पाहिजे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज, फार्गो आणि मागाहून फियाट ११०० बाहेर पडल्या. १०८९ घनसेंटिमीटरचे ते चार सिलिंडरांचे इंजिन प्रीमियर पद्मिनी या गाडीच्या रूपाने पुढे कित्येक दशके चालत राहिले, आणि मुंबईच्या रस्त्यांवरून त्याची शेवटची टॅक्सी निघाली ती ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस. त्याच फियाटच्या नावाचा, टाटांच्या भागीदारीतला कारखाना आज आपल्या शिरूर तालुक्यात रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत उभा आहे, ही गोष्ट या भागातील तरुण मिस्त्र्यांनी अभिमानाने ध्यानात ठेवावी. महिंद्रांनी मुंबईत जोडलेल्या विलीज जीपा खेडोपाडी पोचल्या. आणि मोटारींहून अधिक संख्येने पोचली ती ऑइल इंजिने: १९४६ साली खडकीला सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची, सातारा रोडच्या कूपरची, आणि विलायती लिस्टर व रस्टनची.

पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी मोटारींना आता कायद्याने वेगळा दर्जा आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून अशा वाहनांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे घालण्याची तजवीज केली. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, पुनर्नोंदणीस ५,००० रुपये असा आकार ठरविला, आणि ती नोंदणी दहा वर्षे चालते. मोटारींना असा दाखला मिळाला, ऑइल इंजिनांना मात्र कोणत्याही दप्तरात जागा नाही. ज्या पाच अश्वशक्तीच्या इंजिनाने एका घराची विहीर, उसाचा चरक आणि पिठाची गिरणी पाळीपाळीने चालविली, ते इंजिन आज वजनकाट्यावर ठेवून किलोच्या भावाने जाते. हे मला अतिशय क्लेशकारक वाटते. या पुस्तिकेत मोटारींइतकाच मान ऑइल इंजिनांना दिला आहे तो याच कारणाने.

गळती बंद करण्याचे आपल्याकडील जुने उपाय वाचकांच्या परिचयाचे आहेतच. रेडिएटर गळू लागला की ट्रक ड्रायव्हर पाण्यात मूठभर हळद टाकतो, पेट्रोलची टाकी झिरपू लागली की तीवर अंगाचा साबण घासतो, आणि जुने मिस्त्री पॅकिंग बसवताना त्याला लाखेचे द्रावण लावतात. यांतील एकही उपाय मी हास्यास्पद मानीत नाही. घाटात अडकलेल्या माणसाला हळदीने घरी पोचवले आहे. परंतु ते प्रसंग निभावण्याचे उपाय आहेत, आणि लाल लेप हा प्रसंग निभावण्याचा उपाय नव्हे. फुटलेला ब्लॉक वार्निशाने सांधता येत नाही. उलट लेप दिल्यावर तडा झाकला जातो आणि पुढच्या मिस्त्रीची दिशाभूल होते. म्हणून तडे आहेत की नाहीत याची तपासणी लेपाच्या आधी झाली पाहिजे, नंतर नव्हे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या लेपाविरुद्ध जाणकारांचा एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे: उघडे बीड पन्नास वर्षे विनातक्रार चालते, परंतु सुटलेला लेप एका दिवसात इंजिन मारतो. वार्निशाची पापडी निघाली तर ती तेलाबरोबर चेंबरात उतरते, ऑइल पंपाच्या तोंडावरच्या जाळीला जाऊन चिकटते, तेल वर चढावयाचे थांबते, आणि बेअरिंगे कोरडी फिरून जळतात. अशा इंजिनाचे चेंबर उघडले की जाळीवर लाल खपल्या सापडतात, आणि मग दोष वार्निशाला दिला जातो. माझे मत असे की दोष वार्निशाचा क्वचितच असतो. तो बहुतेक वेळा साफसफाईतील हयगयीचा असतो. चाळीस वर्षे तेलात भिजलेले बीड वरून धुतल्याने कोरडे होत नाही. ते रॉकेलने पुसले, वायर ब्रशने घासले, डोळ्यांना लख्ख दिसले, तरी ऊब लागताच त्याच्या छिद्रांतून तेल पुन्हा बाहेर येते, आणि त्या तेलाच्या पदरावर दिलेला लेप बिडाला धरतच नाही. म्हणून ब्लॉक कॉस्टिकच्या गरम पाण्यात धुवावा, स्वच्छ पाण्याने पुष्कळ वेळा विसळावा, तेलाच्या सर्व वाटांतून लांब ब्रश घालून त्या मोकळ्या कराव्यात, मग ब्लॉक तापवावा, बाहेर आलेले तेल थिनरच्या कपड्याने पुसावे, आणि पांढऱ्या कपड्यावर डाग उमटेनासा होईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा करावे. वैशाखातील मांडवगणचे ऊन या कामी मोठे साहाय्यक आहे. दुपारभर पत्र्यावर ठेवलेला ब्लॉक संध्याकाळी हाताला चटका देतो, आणि लेप द्यावयाची वेळ तीच.

येथे एक इशारा आवश्यक आहे. कॉस्टिकच्या पाण्यात फक्त बीड घालावे. ॲल्युमिनियम त्यात विरघळते. फियाट ११०० चा ब्लॉक बिडाचा पण हेड ॲल्युमिनियमचे आहे, आणि जुन्या भारी गाड्यांत तर क्रँककेसच ॲल्युमिनियमची असते: अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टची चिलखती गाडी जतन केली आहे, त्या जातीच्या इंजिनाचे सिलिंडर बिडाचे आणि खालची पेटी ॲल्युमिनियमची. अशा धातूची धुलाई वेगळी, आणि तिचा तपशील पुढील प्रकरणात दिला आहे. याच संदर्भात हेही लक्षात ठेवावे की कॉस्टिक लाल लेपालाही खातो. लेप दिलेला ब्लॉक पुढे कधी बोअरिंगसाठी वर्कशॉपात गेला आणि तेथे गरम टाकीत बुडवला गेला, तर लेप अर्धामुर्धा सुटेल आणि उरलेला सर्वांत घातक ठरेल. मालकाने ही गोष्ट गाडीच्या कागदपत्रांबरोबर लिहून ठेवावी.

लेप कोठे देऊ नये याची यादी लेप कोठे द्यावा यापेक्षा मोठी आहे. ज्या ज्या पृष्ठभागावर हत्यार फिरले आहे, तेथे वार्निशाचा थेंबही जाता कामा नये: सिलिंडरचा बोअर, मेन बेअरिंगच्या बैठका, कॅमची आणि टॅपेटची भोके, पॅकिंग बसण्याची तोंडे, तेलाच्या वाटा. ही सर्व तोंडे बुचे आणि चिकटपट्टी लावून आधी बंद करावीत. एक्झॉस्टलगतच्या फार तापणाऱ्या भिंतींनाही लेप वर्ज्य. थर दोन द्यावेत, दोन्ही पातळ. पहिला बोटाला चिकटेनासा झाल्यावरच दुसरा. आणि शेवटी ऊब देऊन ते पक्के करावेत. हे सांगताना मला मोटार भरणाऱ्या कारागिराचीच आठवण होते, कारण तो हे सारे रोज करतो.

पेट्रोलच्या टाकीला आतून देण्याच्या लेपाचा उल्लेख पुस्तिकेत ओझरता आला आहे. आपल्याच साखर कारखान्यांतून निघणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते, आणि टाकीचे पुष्कळसे जुने लेप अल्कोहोलला टिकत नाहीत, ते मऊ होऊन कार्ब्युरेटरात येतात. इंजिनाच्या पोटातील लाल लेपाने टाकी आतून रंगविण्याचा मोह कोणीही धरू नये.

निर्णय कसा करावा याविषयी माझा अभिप्राय स्पष्ट आहे. जे इंजिन रोज चालते, ज्याचे तेल वेळेवर बदलले जाते, त्याला हा लेप अनावश्यक आहे. जे इंजिन केवळ रिंग-पिस्टन बदलण्यापुरते अर्धे उघडले आहे, त्याला तो देणे गैर आहे, कारण अर्ध्या उघडलेल्या ब्लॉकची पुरती सफाई होऊच शकत नाही. जे इंजिन पूर्ण उतरवले आहे, ज्याचा क्रँक, कॅम आणि बुचे सर्व निघाली आहेत, ज्याचे ओतकाम खडबडीत आहे आणि ज्याच्या नशिबी पुढे वर्षातील बहुतेक दिवस उभे राहणेच आहे, त्याला लाल लेप अवश्य द्यावा, मात्र सफाईला लागणारा वेळ देण्याची तयारी असेल तरच. ती तयारी नसेल तर बीड उघडे ठेवावे, चांगले तेल घालावे, आणि दर पंधरवड्यास इंजिन पुरते तापेपर्यंत चालवावे. त्यात कमीपणा काही नाही.

भीमेच्या दोन्ही काठांवरील वाचकांना माझी विनंती एवढीच आहे की, ज्यांच्या विहिरीवर, गोठ्यामागे किंवा जुन्या वाड्याच्या पडवीत असे एखादे इंजिन पडून असेल, त्यांनी ते भंगारवाल्याच्या काट्यावर चढविण्यापूर्वी एकदा गावच्या मिस्त्रीला बोलावून त्याचे चेंबर उघडून पाहावे, आणि ते बांधण्याजोगे निघाले तर मोटार भरणाऱ्यालाही त्याच दिवशी शेडवर बोलावून घ्यावे.